घरी संगणक घ्यायचा आहे? आधी घरातल्या कामांची यादी करा

मुलगा किंवा मुलगी दहावी-बारावी पास झाली, की आपल्या घराघरांत एक विषय हमखास निघतो. आता कॉम्प्युटर घ्यायचा. इच्छा योग्यच आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो, एमएचटी-सीईटी संगणकावर होते, बँकेची आणि रेल्वेची भरती परीक्षा संगणकावर होते. ज्या मुलाने परीक्षेच्या दिवशीच पहिल्यांदा माऊस हातात धरला, त्याचा निम्मा वेळ घाबरण्यात जातो. तेव्हा घरात संगणक असणे ही आता चैन राहिलेली नाही. परंतु गरज खरी असली तरी खरेदी चुकू शकते, आणि कष्टकऱ्याच्या घरात चुकलेल्या खरेदीचे हप्ते दोन-दोन वर्षे फेडावे लागतात. म्हणून आज या विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहोत.

एका रविवारी संध्याकाळी आमच्या वसाहतीतले एक गृहस्थ घरी आले. एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहेत. हातात दुकानाचे रंगीत पत्रक होते.

"जयभीम भाऊ. जरा हे बघता का? पोरीला लॅपटॉप घेतोय. बाहत्तर हजाराचा आहे, पण दुकानवाला म्हणतो, आता एक रुपया भरू नका. नुसते हप्ते भरत राहा."

पत्रक पाहिले. तो खेळांसाठी बनवलेला लॅपटॉप होता. वेगळे ग्राफिक्स कार्ड, अंधारात रंगीत दिवे लागणारा कीबोर्ड, वजन अडीच किलो. मुलीने तर बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेला, आणि धाकटा मुलगा नववीत. आम्ही विचारले, "दादा, तिला यावर काम काय करायचे आहे?"

ते जरा थांबले. मग म्हणाले, "ते तिलाच विचारावं लागेल. दुकानात आम्ही दोघं बापलेकच गेलो होतो."

यात त्यांचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. बहुतेक घरांत असेच होते. ज्याला यंत्र वापरायचे आहे त्याला कोणी विचारत नाही, आणि ज्याला दुकानातली चमक आवडते तो निवड करून मोकळा होतो. आम्ही त्यांना एवढेच सांगितले, की आज पत्रक बाजूला ठेवा, आणि उद्या मुलीला एक कागद घेऊन आमच्याकडे पाठवा.

आमचीही एकदा फसगत झाली होती

इतरांना शहाणपण सांगण्यापूर्वी स्वतःची चूक सांगणे बरे. २००७ साली आम्ही सव्वीस हजार रुपयांचा 'असेंबल' केलेला संगणक घेतला. निम्मे पैसे व्याजाने काढले होते. दुकानदार म्हणाला, "बिल घेतलं तर वर कर भरावा लागेल. कशाला घेता? मी आहे ना." आम्ही बी.कॉम. झालेले, रोज कार्यालयात पावत्या तपासणारे, तरीही हजार-दीड हजार वाचतील या मोहात पडलो आणि बिल घेतले नाही. चौथ्या महिन्यात आतला वीजपुरवठा जळाला व त्याने मदरबोर्डही नेला. दुकानदाराने हात वर केले. हातात कागद नाही, तर भांडायचे कशाच्या आधारावर? संगणक कोपऱ्यात धूळ खात पडला आणि हप्ते मात्र पुढे चौदा महिने चालू राहिले. त्या दिवसापासून कानाला खडा लावला. खाली जे लिहीत आहोत, त्यातले बरेचसे ठेच लागून आलेले आहे.

आधी कामांची यादी

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. समजूतदार पोर. म्हणाली, "काका, मी लिहूनच आणलंय." तिच्या कागदावर पाच कामे होती. कॉलेजचे प्रकल्प लिहिणे, एक्सेल शिकणे, टॅली शिकणे, मराठी टायपिंगचा सराव करणे, आणि सरकारी अर्ज भरून कागदपत्रे जोडणे. भावाची दोन कामे तिने स्वतःहून लिहिली होती. अभ्यासाचे व्हिडिओ पाहणे आणि प्रश्नसंच सोडवणे.

यातल्या एकाही कामाला बाहत्तर हजारांचे यंत्र लागत नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते ते स्थापत्यशास्त्र, इंजिनिअरिंगची त्रिमितीय चित्रे, व्हिडिओ संकलन किंवा मोठे खेळ यांना. लिहिणे, वाचणे, हिशेब करणे आणि इंटरनेट यांसाठी साधे यंत्र पुष्कळ झाले.

अर्थात, सर्वांची यादी सारखी नसते. मुलगा सिव्हिल डिप्लोमाला असेल आणि ऑटोकॅड शिकत असेल, तर किमान १६ जीबी रॅमचे यंत्र पाहावे. (ऑटोकॅड विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी विनामूल्य मिळते. त्यासाठी कॉलेजचा पुरावा द्यावा लागतो.) आई शिवणकाम किंवा खानावळ चालवत असेल आणि हिशेब ठेवायचे असतील, तर सर्वात साधे यंत्र चालेल. घरात कोणी टायपिंगची कामे घेणार असेल, तर कीबोर्ड आणि पडदा यांवर दोन पैसे जास्त घालावेत. यादी ज्याची त्यानेच करावी. मात्र ती दुकानात जाण्यापूर्वी करावी, आणि करताना घरातल्या प्रत्येकाला विचारावे.

मोबाईल, डेस्कटॉप की लॅपटॉप?

पुष्कळ पालक म्हणतात, मोबाईल आहे ना, मग आणखी कशाला? मोबाईल पाहण्यासाठी उत्तम आहे, पण लिहिण्यासाठी अपुरा आहे. दहा पानी प्रकल्प किंवा पन्नास ओळींचा हिशेब मोबाईलवर करून पाहावा म्हणजे कळेल. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट या वेगाचे प्रमाणपत्र मागतात. तो वेग अंगठ्याने येत नाही, दहा बोटांनी येतो. मात्र ज्यांच्याकडे आज खरोखरच पैसे नाहीत, त्यांनी एक साधा कीबोर्ड आणि त्याला मोबाईलशी जोडणारी ओटीजी पिन घ्यावी. बहुतेक अँड्रॉईड मोबाईलवर कीबोर्ड चालतो. काही शे रुपयांत टायपिंगचा सराव तरी सुरू होईल.

डेस्कटॉप एकाच जागी राहतो. त्याचा कोणताही भाग बिघडला तरी तेवढाच बदलता येतो, आणि त्याच पैशांत तो लॅपटॉपपेक्षा जास्त काम देतो. घरात एचडीएमआयची खाच असलेला टीव्ही असेल, तर सुरुवातीला मॉनिटरचा खर्चही वाचतो. वायर जोडली की टीव्हीच पडदा होतो. परंतु दहा बाय बाराच्या खोलीत जिथे रात्री अंथरुणे पडतात, तिथे डेस्कटॉपला कायमची जागा देणे सर्वांना जमत नाही. दिवे जात असतील तर यूपीएसचा खर्च वेगळा. शिवाय आई मालिका पाहत असेल तेव्हा मुलीचा अभ्यास बंद.

लॅपटॉप कपाटात ठेवता येतो, अभ्यासिकेत नेता येतो, दिवे गेले तरी काही वेळ चालतो. त्याला वीजही कमी लागते. साधा लॅपटॉप सुमारे ४० वॅट आणि मॉनिटरसह डेस्कटॉप सुमारे १०० वॅट धरला, आणि रोज पाच तास वापर धरला, तर महिन्याला लॅपटॉपचे ६ युनिट होतात व डेस्कटॉपचे १५ युनिट. मात्र लॅपटॉप पडला की दुरुस्ती महाग आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावीच लागते. घरात एक टेबल कायमचे मांडता येत असेल तर डेस्कटॉप, नाहीतर लॅपटॉप, असा साधा नियम आम्ही सांगतो.

आतले तीन भाग ओळखा

दुकानदार वीस गोष्टी सांगतो. आपण तीनच विचाराव्यात.

पहिली, प्रोसेसर. हा संगणकाचा मेंदू. दुकानात "आय फाइव्ह आहे" एवढेच सांगतात. हे म्हणजे गाडीची कंपनी सांगायची आणि साल सांगायचे नाही, असे झाले. आय फाइव्ह पंधरा वर्षांपूर्वीही होता. म्हणून कितवी पिढी ते विचारावे. इंटेलच्या जुन्या नावांत पुढचा आकडा पिढी सांगतो. ६३०० म्हणजे सहावी पिढी, ८२५० म्हणजे आठवी, १०११० म्हणजे दहावी. २०२३ पासून इंटेलने नावांची पद्धत बदलली आहे, म्हणून नव्या यंत्रावर 'कोअर ३', 'कोअर ५' किंवा 'कोअर अल्ट्रा' अशी नावे दिसतात. एएमडी कंपनीचे रायझन प्रोसेसरही चांगले असतात. साध्या कामाला अलीकडचा आय थ्री किंवा रायझन थ्री पुरतो. जुन्या आय सेव्हनपेक्षा नवा आय थ्री अनेकदा बरा.

दुसरी, रॅम. हे समजा काम करण्याचे टेबल. टेबल लहान असले की एक फाईल काढल्याशिवाय दुसरी मांडता येत नाही. आज ८ जीबीपेक्षा कमी घेऊ नये. पुढे वाढवता येईल का, हेही विचारावे. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम पक्की जोडलेली असते आणि नंतर वाढत नाही.

तिसरी, साठवणूक. इथे 'हार्ड डिस्क' आणि 'एसएसडी' असे दोन प्रकार आहेत. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसतो, म्हणून ती कितीतरी वेगवान असते. १ टीबीची हार्ड डिस्क ऐकायला मोठी वाटते, पण घरासाठी २५६ किंवा ५१२ जीबीची एसएसडी अधिक उपयोगी. ज्यांच्या घरी जुना, रडतखडत चालणारा संगणक आहे, त्यांनी नवा घेण्याआधी त्यात एसएसडी बसवून आणि रॅम वाढवून पाहावी. थोड्या खर्चात पुष्कळ यंत्रांत पुन्हा जीव येतो.

आजकाल लॅपटॉपवर 'एआय' असे स्टिकर लावून जास्त पैसे मागतात. मुले मोबाईलवर जे एआय वापरतात, त्याचे काम इंटरनेटवरून दूरच्या मोठ्या संगणकांवर होते. त्यासाठी घरी महाग यंत्र लागत नाही. आणखी एक ध्यानात ठेवावे. २०२५ च्या अखेरीस मेमरीच्या चिपांचे भाव एकाएकी चढले आणि त्याचा परिणाम यंत्रांच्या किमतींवर झाला. म्हणून जुन्या खरेदीदाराने सांगितलेला भाव प्रमाण मानू नये. दोन-तीन दुकानांत चौकशी करावी.

वापरलेले यंत्र घेण्यात कमीपणा नाही

मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी आपले लॅपटॉप बदलतात. ते साफसूफ करून, तपासून पुन्हा विकले जातात. त्याला 'रिफर्बिश्ड' म्हणतात. लेनोव्होचा थिंकपॅड, डेलचा लॅटिट्यूड, एचपीचा एलिटबुक हे कार्यालयीन वापरासाठी बनवलेले प्रकार. यांची बांधणी मजबूत आणि कीबोर्ड चांगला असतो. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग, या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे.

परंतु इथे डोळे उघडे ठेवावेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ अधिकृतपणे चालण्यासाठी इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. म्हणून सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रे बाजारात स्वस्तात निघाली आहेत. दुकानदार त्यात आडमार्गाने विंडोज ११ भरून देतो आणि नवीन म्हणून सांगतो. मायक्रोसॉफ्टचे 'पीसी हेल्थ चेक' नावाचे विनामूल्य साधन आहे. ते दुकानातच चालवून यंत्र पात्र आहे की नाही ते पाहावे.

दुकानात अर्धा तास बसून पुढील गोष्टी तपासाव्यात. दुकानदार कंटाळला तरी उठू नये.

१) सगळी बटणे एकेक दाबून पाहावीत.
२) पडदा पांढरा करून डाग आहेत का पाहावे. बिजागरी सैल आहे का पाहावी.
३) कॅमेरा, आवाज, वाय-फाय आणि बाजूच्या सर्व खाचा चालतात का पाहावे.
४) बॅटरीचा अहवाल काढायला सांगावा. मूळ क्षमता आणि आजची क्षमता त्यात दिसते.
५) चार्जर त्याच कंपनीचा आहे का पाहावे.
६) सुरू होताना कुलूपशब्द मागतो का, किंवा जुन्या कंपनीचे नाव दाखवतो का, ते पाहावे. असे यंत्र घेऊ नये.
७) सेटिंगमध्ये विंडोज 'ॲक्टिव्हेटेड' आहे का पाहावे.

सहाव्या-सातव्या पिढीचे यंत्र अगदी टाकाऊ असते असेही नाही. त्यात लिनक्स मिंट किंवा उबंटू ही विनामूल्य प्रणाली टाकली, तर लेखन, इंटरनेट आणि व्हिडिओ यांसाठी ते अजून चांगले काम देते. पण मग किंमतही त्याच हिशेबाने द्यावी.

आतले कार्यक्रम आणि मराठी

चोरीचे विंडोज आणि चोरीचे ऑफिस टाकून देणारे पुष्कळ भेटतात. त्यातून व्हायरस येतो आणि एके दिवशी मुलीचा सगळा प्रकल्प नाहीसा होतो. लिबर ऑफिस हा पूर्ण विनामूल्य आणि कायदेशीर संच आहे. त्यात पत्रलेखन, हिशेबाचे तक्ते आणि सादरीकरण सर्व होते, आणि वर्ड-एक्सेलच्या फायलीही उघडतात. वाणिज्य शाखेच्या मुलांना टॅली लागते. टॅली विंडोजवर चालते, आणि तिचा शिकण्यासाठीचा 'एज्युकेशनल मोड' विनामूल्य आहे. त्यात महिन्याच्या ठरावीक तारखांच्याच नोंदी करता येतात, पण शिकण्यास तेवढे पुरे. म्हणजे ज्या घरात टॅली शिकायची आहे तिथे लिनक्सचे यंत्र उपयोगाचे नाही. यादी आधी करा असे आम्ही म्हणतो ते यासाठीच.

मराठीसाठी वेगळे पैसे मोजू नयेत. विंडोज आणि लिनक्स दोन्हींत मराठी आधीच असते, सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करायची. त्यात इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो. टायपिंगच्या परीक्षेसाठी कोणता कळफलक चालतो ते आधी चौकशी करून ठरवावे आणि त्याचाच सराव करावा. अर्धे वर्ष एक आणि नंतर दुसरा, असे केले की बोटे गोंधळतात.

हप्त्याचा हिशेब

आता त्या बाहत्तर हजारांकडे वळू. पत्रकावर बारीक अक्षरांत "१२ टक्के, २४ हप्ते" असे होते. सरळ व्याजाने हिशेब मांडला. दोन वर्षांचे व्याज १७,२८० रुपये. एकूण ८९,२८० रुपये. महिना हप्ता ३,७२० रुपये. शिवाय प्रक्रिया शुल्क वेगळे.

गंमत पुढेच आहे. आपण दर महिन्याला मुद्दल फेडत असतो, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण बाहत्तर हजारांवर घेतले जाते. शेवटच्या महिन्यात आपल्याकडे त्यांचे तीन हजार उरलेले असतात आणि व्याज बाहत्तर हजारांचे! घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हा दर १२ टक्के राहत नाही, जवळजवळ साडेएकवीस टक्के पडतो. म्हणून कर्ज देणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा. व्याज सरळ आहे की घटत्या शिलकीवर?

"बिनव्याजी हप्ता" हेही नीट समजून घ्यावे. पुष्कळदा रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळते, ती हप्तेवाल्याला मिळत नाही. म्हणजे व्याज तिथे लपलेले असते. रोख किंमत किती आणि हप्त्याने एकूण किती, हे दोन आकडे कागदावर लिहून घ्यावेत. फरक म्हणजेच व्याज, त्याला नाव काहीही द्या.

दादांच्या घरी शेवटी काय झाले ते सांगतो. आम्ही, दादा आणि मुलगी असे तिघे लॅमिंग्टन रोडला गेलो. चार दुकाने पाहिली. पाचव्या दुकानात दहाव्या पिढीचा आय फाइव्ह, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडीचा कार्यालयीन लॅपटॉप, बिलासह आणि सहा महिन्यांच्या हमीसह, २१,५०० रुपयांना ठरला. बटणे मुलीनेच तपासली. दोन बटणे अडकत होती म्हणून पहिले यंत्र तिने परत केले आणि दुसरे घेतले. आम्ही नुसते बघत होतो.

बाकीचा खर्च असा. वेगळा कीबोर्ड आणि माऊस ९००, पेन ड्राइव्ह ५००, चांगला एक्स्टेंशन बोर्ड ७००, जुन्या बाजारातून टेबल-खुर्ची १,६००. एकूण २५,२०० रुपये. घरी १३,२०० साठलेले होते. उरलेले १२,००० वहिनींनी आपल्या बचत गटातून घेतले. गटाचा दर घटत्या शिलकीवर दरमहा दोन टक्के. मुद्दल दरमहा हजार, पहिला हप्ता १,२४० आणि शेवटचा १,०२०. वर्षभराचे व्याज १,५६० रुपये, आणि तेही गटातल्या बायांमध्येच राहिले. टक्केवारी पाहिली तर गटाचा दर दुकानाच्या दरापेक्षा थोडा जास्तच आहे. पण कर्जच लहान आणि मुदतही लहान, म्हणून व्याज सतरा हजारांऐवजी दीड हजार झाले. स्वस्त कर्ज शोधण्याआधी कर्ज लहान करावे, हा धडा आम्हालाही त्यातून मिळाला.

कुणाला किती बजेट?

भाव बदलत असतात, म्हणून पुढील आकडे स्थूल मानावेत.

पाच ते दहा हजार असतील तर कार्यालयातून निघालेला जुना लहान डेस्कटॉप, एसएसडी आणि लिनक्स घालून, घरच्या टीव्हीला जोडावा.
अठरा ते पंचवीस हजार असतील तर आठव्या पिढीपुढचा रिफर्बिश्ड लॅपटॉप घ्यावा. बहुतेक विद्यार्थ्यांचे काम इथे भागते.
पस्तीस ते पंचेचाळीस हजार असतील तर नवा साधा लॅपटॉप, कंपनीच्या एक वर्षाच्या हमीसह.
साठ हजारांच्या पुढे फक्त ज्यांच्या यादीत खरोखर जड कामे आहेत त्यांनी जावे.

हातातले सगळे पैसे यंत्रावर घालू नयेत. शंभरातले पंधरा रुपये खुर्ची, माऊस, पेन ड्राइव्ह आणि दुरुस्ती यांसाठी बाजूला ठेवावेत. आणि जिथे एका घराला शक्य नाही, तिथे विहाराच्या अभ्यासिकेत चार घरांनी मिळून दोन जुने डेस्कटॉप बसवावेत. दोन यंत्रांवर वेळ वाटून घेतली तर दहा-बारा मुले सहज शिकतात. कुलूप-किल्लीची आणि वेळापत्रकाची जबाबदारी मात्र एकाने घ्यावी, नाहीतर दोन महिन्यांत यंत्रे बंद पडतात.

पावती आणि तक्रार

बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक, यंत्राचा अनुक्रमांक आणि हमीची मुदत लिहिलेली असलीच पाहिजे. यंत्राखालचा क्रमांक आणि बिलावरचा क्रमांक जुळवून पाहावा. बिलाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा, कारण काही बिलांची शाई उडते.

दुकानदाराने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते, दुकान कोठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. २००७ साली तर आम्ही तक्रारच करू शकलो नाही, कारण हातात बिलच नव्हते.

घरी आल्यावर तो कोणाचा?

शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते सर्वात महत्त्वाचा. संगणक घरात आला की आठ दिवसांत तो घरातल्या मुलाचा होतो. मुलगी कॉलेजातून येते, भाकरी थापते, भांडी घासते, आणि रात्री तिचा नंबर येतो तेव्हा भाऊ म्हणतो, "पाच मिनिटं थांब." ती पाच मिनिटे संपत नाहीत.

दादांच्या घरी आम्ही पहिल्याच दिवशी भिंतीवर वेळापत्रक लावायला लावले. संध्याकाळी सहा ते आठ मुलीचे, आठ ते नऊ मुलाचे, रविवारी सकाळी एक तास वहिनींचा. मुलगा जरा फुगला. म्हणाला, "मग भाकरी कोण करणार?" दादा म्हणाले, "सहा ते आठ ती शिकणार. भाकरीचं आपण तिघं बघू." वहिनी आमच्याकडे बघून हसल्या.

परवा आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. मुलगी टायपिंगचा सराव करीत होती, मिनिटाला बावीस शब्दांपर्यंत आली आहे. वहिनी बचत गटाची वही एक्सेलमध्ये चढवायला शिकत आहेत. एका रकान्याची बेरीज चुकत होती, ती मुलाने शेजारी बसून दुरुस्त करून दिली. दादांनी चहा पुढे केला आणि म्हणाले, "भाऊ, ते दिव्याचं पत्रक अजून कपाटात आहे. टाकलं नाही."

आम्ही म्हटले, "राहू द्या. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पुढच्या खरेदीची यादी करा."